तोंडं सवीची, अक्षरं माझी

माणसाला स्वतःचं तोंड केवढं मोठं हवं असतं, हे मला ऐन विशीतच कळून चुकलं. घाटनांदूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्हा दोघी बहिणींचं डिझाईनचं दुकान होतं. पाटीवर मी मोठ्या हौसेने ‘भगिनी डिझाईन’ असं लिहिलं होतं, पण गाव त्याला बहिणींचं दुकान म्हणायचं आणि अजूनही तेच म्हणतं. वाढदिवसाचे, निवडीचे, श्रद्धांजलीचे फ्लेक्स, लग्नपत्रिका, बारशाची निमंत्रणं, स्थळासाठीचे बायोडाटा, असं जन्मापासून तेराव्यापर्यंत माणसाचं जे काही छापायचं असेल ते आमच्याकडे यायचं. छपाईचं यंत्र आमचं नव्हतं. आम्ही डिझाईन तयार करून आंबाजोगाईला पाठवायचो आणि तिथून फ्लेक्सची गुंडाळी जीपच्या टपावरून यायची. मग ती भर रस्त्यात उलगडून बघायचा कार्यक्रम. वाढदिवस ज्याचा त्याचं तोंड मधोमध, वर नेतेमंडळी, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. भांडणं व्हायची ती या खालच्या रांगेत. एकदा एक तरुण गुंडाळी काखेत मारून परत आला आणि सवीच्या पुढ्यात उभा राहिला. “मपलं तोंड त्या बबन्यापरीस बारकं कावून हाय?” सवीने मान वर न करता सांगितलं, “तोंड तेवढंच हाय दादा. त्याचे कान मोठे हायेत, म्हनून तसं दिसायलंय.” तो बाहेर गेला, नीट निरखून आला आणि म्हणाला, “मंग मपले बी कान मोठे करा.”

सवी म्हणजे सविता, माझी धाकटी बहीण. दुकानातली वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. तोंडं सवीची, अक्षरं माझी. खिडकीजवळचा संगणक तिचा, भिंतीकडचा माझा. दुकान एवढं अरुंद की आम्ही पाठीला पाठ लावून बसायचो आणि एकीने खुर्ची मागे घेतली की दुसरीला धक्का बसायचा. “सरक की म्हशे,” असं दिवसातून कितीदा तरी व्हायचं. गिऱ्हाईक मोबाईलवर कसलेही फोटो पाठवायचं. कुणी शेतात बैलाशेजारी उभा, कुणी लग्नाच्या पंगतीत घास तोंडात घालताना. सवी त्यातून नुसतं डोकं कापून घ्यायची आणि आमच्याकडे तयार असलेल्या धडावर बसवायची. पांढरा कडक सदरा, सदऱ्यावर जाकीट, कोट, फेटा, अशी धडं तिने गोळा करून ठेवली होती. ज्याच्या अंगाला जन्मात इस्त्री लागली नाही असा माणूस आमच्या फ्लेक्सवर आमदारासारखा हात जोडून उभा राहायचा. त्यानंतर तोंड साफ करायचं. हा सवीचाच शब्द. पडद्यावर फोटो मोठा करत जायचा, इतका मोठा की नाक कुठलं आणि गाल कुठला ते कळू नये, आणि मग कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरत यायचं. देवीचे व्रण, मस, मुरमं, तंबाखूचे दात, डोळ्यांखालचा काळेपणा, सगळं निघायचं. तिचा हात त्यात इतका बसला होता की ती बोलत बोलत, शेंगा खात खात साफ करायची.

मी त्या तोंडांकडे बघतसुद्धा नसे. माझं काम अक्षरांचं. कुणाला ‘युवा नेतृत्व’ म्हणायचं आणि कुणाला नुसतंच ‘मित्रपरिवार’, कुणाचं नाव कुणाच्या आधी घ्यायचं, श्रद्धांजलीत ‘कै.’ कधी आणि ‘वै.’ कधी, पत्रिकेत मान कुणाला, हे सगळं मला तोंडपाठ होतं. फोटो माझ्या खात्यातला नव्हता. पुढे जे झालं ते या वाटणीमुळेच झालं, म्हणून इतकं सविस्तर सांगितलं. त्या वयात मला काय हवं होतं असं कुणी विचारलं असतं, तर मी त्या दोन खुर्च्या दाखवल्या असत्या. लग्नाला माझी ना नव्हती आणि ओढही नव्हती. सवी पाठीमागे बसलेली असावी, तिच्या खुर्चीचा धक्का बसत राहावा, दुकान चालावं, एवढंच मला पाहिजे होतं. हे मी कुणाला कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवण्यासारखं ते काही आहे असंच मला वाटलं नव्हतं.

दुकानामागे दोन खोल्या, तेच आमचं घर. आबा, म्हणजे आमचे वडील, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचे ते पावसाळ्याच्या तोंडाशी परतायचे. मधल्या काळात त्यांचा फोन यायचा, त्यात वाऱ्याचा आणि मेंढरांचाच आवाज जास्त असायचा. “बरं हाय ना?” “बरं हाय.” एवढ्यावर फोन संपायचा. घर मायच्या हातात होतं. तिला अक्षर येत नव्हतं, पण पिठाचे हात तसेच घेऊन ती दुकानात यायची आणि पडद्याकडे बघून “ह्यो मेला व्हय? चांगला व्हता बिचारा,” असं म्हणायची. तो बहुतेक वेळा जिवंत असायचा आणि त्याचा वाढदिवस असायचा. आम्ही जेवायचो आळीपाळीने, एकीने आत भाकरी खायची, दुसरीने गिऱ्हाईक सांभाळायचं. माय येसर, म्हणजे भाजक्या धान्या-मसाल्याचं पीठ, घालून आमटी करायची तेव्हा तिचा वास दुकानात असा भरायचा की पत्रिका घेऊन आलेली माणसं मजकूर विसरायची. अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, शेंगदाण्याचा ठेचा, आणि भाकरी थापल्याचा तो थपथप आवाज. त्यात संगणकाच्या पंख्याची घरघर आणि गाडीची शिट्टी. लाईट गेली की घरघर थांबायची आणि सगळीकडे एकदम शांत व्हायचं. हाकेच्या अंतरावर, परळीला, वीज तयार होते आणि आपल्याकडे लाईट नाही, यावर गिऱ्हाईकं शिव्या घालत बाकावर बसून राहायची, आणि आम्ही शेंगा सोलायचो.

माझ्या हनुवटीवर, डाव्या बाजूला, पांढरा डाग होता. बारावीच्या वर्षी तो तिळाएवढा निघाला आणि हळूहळू गळ्यापर्यंत उतरला. आमच्याकडे त्याला कोड म्हणतात, आणि हा शब्द लोक आवाज खाली आणून बोलतात. मासे खाऊन वर दूध प्याल्याने झालं असं मायचं ठाम मत होतं. मी मासे खाऊन दूध कधी प्यायले होते हे तिला सांगता यायचं नाही. आंबाजोगाईच्या डॉक्टरांनी त्यावर कापसाचा बोळा फिरवून “कळतंय का?” असं विचारलं होतं. कळत होतं. याने काही होत नाही, हा कुणाला लागत नाही, असं त्यांनी मायला दोनदा समजावलं. माय मान हलवत राहिली आणि घरी येताना तिने एका बुवाचं तेल घेतलं. मला त्या डागाचं फार दुःख होतं असं आता लिहिलं तर ते खोटं होईल. दुकानात येणाऱ्यांना तो सवयीचा झाला होता. आणि आता तर त्याचा प्रश्नच उरला नाही. तो वाढत वाढत सगळ्या तोंडावर, हातांवर, पायांवर पसरला आणि मी सगळी एकाच रंगाची झाले. नव्याने ओळख होणारे लोक मला गोरी समजतात. हे बघायला माय नाही याचं मला कधीकधी वाईट वाटतं.

मामा, मायचा थोरला भाऊ, केज तालुक्यातल्या नांदूरघाटला असायचा. आबा घरी नसत, म्हणून घरातलं सगळं ठरवणं त्याच्याकडे. सडपातळ, बोलका, दोन मोबाईलवाला, आणि मनाने वाईट अजिबात नाही. तो एक दिवस आला आणि चहा पिता पिता म्हणाला, “शोभा, साऱ्या तालुक्याच्या पोरींचे बायोडाटा तुमी करायलाव. तुपला कुठं हाय?” मी हसले. बाहेर निवडणुकीची धामधूम होती, शुभेच्छुकांच्या रांगा संपत नव्हत्या. मी दुसऱ्या दिवशी दोन फ्लेक्सच्या मध्ये माझा मजकूर लावून टाकला. वर गणपती, खाली नाव, उंची, शिक्षण, व्यवसाय, मामाकुळ. रंगाच्या पुढे ‘निमगोरा’ लिहिलं, सगळ्याच मुलींचं लिहायचे तसं. फोटोची चौकट रिकामी ठेवली आणि फाईल सवीकडे सारली. तिने निळ्या पडद्यापुढे उभं करून माझा फोटो काढला, “हस की जरा, श्रद्धांजलीला बसलीस का?” असं म्हणाली, आणि चौकटीत बसवून तिच्याच मोबाईलवरून मामाला पाठवून दिला. मी तो पाहिलाही नाही. पाहावासा वाटला नाही आणि वेळही नव्हता.

पाहुणे आले ते परळीचे. मुलगा तिथेच एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करायचा, घरचं बागायती शेत होतं, आई, चुलते आणि तो असे तिघे आले. मायने सुशीला केला होता, भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, वर खोबरं-कोथिंबीर, आणि परळीच्या माणसांना तिखट चालतं की नाही या काळजीत मिरच्या अर्ध्याच घातल्या होत्या. मी बशा घेऊन बाहेर आले. मुलाने वर बघितलं आणि मग मोबाईलकडे बघितलं. त्याची आई मात्र उठलीच. धिप्पाड बाई, हातात जाड पाटल्या. माझ्याजवळ येऊन तिने माझी हनुवटी दोन बोटांत धरली आणि दाराकडच्या उजेडात वळवली. माझ्या हातातल्या बशा तशाच होत्या. तिने मुलाच्या हातातून मोबाईल घेतला, माझ्या तोंडाशेजारी धरला, आणि मामाला विचारलं, “ह्याच्यात तर न्हाई. मंग ह्ये काय हाय?”

“उन्हानं... तसं काय न्हाई ते,” असं काहीतरी मामा म्हणाला. बाईने मोबाईल माझ्याकडे फिरवला. मी तेव्हा पहिल्यांदा तो फोटो पाहिला. माझंच तोंड होतं, माझेच डोळे, ओढून आणलेलं हसू, आणि हनुवटी गळ्यापर्यंत एकसारखी सावळी. चांगली दिसत होते मी. “फसवायलाच बसलाव व्हय तुमी?” ती बाई म्हणाली. चुलते म्हणाले, “जाऊ द्या वयनी.” मायने पदर तोंडाला लावला. मी बशा एकेकाच्या पुढे ठेवल्या, सगळ्यांच्या, आणि आत जाऊन चहाचं आधण बघितलं. चहाही मीच नेला. त्यांनी तो घेतला, कारण असं उठून जाणं त्यांनाही जमेना. त्या सगळ्या वेळात सवी आतल्या दाराला टेकून उभी होती. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं आणि ओढणीचं टोक तिने मुठीत धरलं होतं. जाताना त्या बाईची नजर तिच्यावर गेली आणि थोडा वेळ तिथेच राहिली. ते मी पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

त्या दिवसापासून मला काही वाटेनासं झालं. आता मी यावर पुष्कळ विचार केला आहे, पण याहून नीट शब्द मला सापडत नाही. राग नव्हता, रडू नव्हतं. भाकरी खाल्ली तर ती भाकरी आहे एवढंच कळायचं. माय बोलायची, मामाला शिव्या घालायची, मग देवाला, मग त्या बाईला, आणि ते सगळं मला शेजारच्या घरातून आल्यासारखं ऐकू यायचं. मी सकाळी उठून दुकान झाडत होते, उदबत्ती लावत होते, अक्षरं लावत होते. एका माजी सरपंचाच्या श्रद्धांजलीचा मजकूर मी त्याच दिवशी संध्याकाळी पुरा केला आणि त्यात काना-मात्रेची चूक निघाली नाही. सवी पाठीमागे बसायची, पण खुर्ची मागे घ्यायची नाही. अंग चोरून, पुढे सरकून बसायची. तिच्या खुर्चीचा धक्का बसत नाही हे मला कळत होतं आणि त्याचंही काही वाटत नव्हतं.

मी तिला विचारलं ते मध्ये बरेच दिवस गेल्यावर, कामातच विचारलं. लाईट गेली होती आणि दुकानात कुणी नव्हतं. “तो डाग तू कावून काढलास?” ती म्हणाली, “मी काढला न्हाई, आक्का. म्हंजे काढला. पर मी ठरवून न्हाई काढला.” ती खुर्ची फिरवून माझ्याकडे तोंड करून बसली. “तुला ठाव हाय ना मी कसं करते ते. मोठं केल्यावर ती तू नव्हतीस. नुसती कातडी व्हती. वरून खाली उतरले अन् साफ करून टाकलं. मामाचा फोन येऊ लागलता, बाहेर तो झेंडेवाला बोंबलू लागलता. पाठवल्यावर बी मला कळलं न्हाई. तुज्या आईची आन.” तुझ्या आईची म्हणाली, जशी आई दोघींची वेगळी होती. एरवी मी यावर हसले असते. तिचं बोलणं मला खरं वाटलं आणि आजही वाटतं. आमच्या धंद्यात माणूस पडद्यावर इतका मोठा होतो की तो दिसेनासा होतो. तिच्याइतका हात न बसलेल्या दुसऱ्या कुणाकडून ही चूक झालीच नसती. पण खरं वाटलं तरी आत काही हललं नाही. “बरं,” मी म्हणाले. त्या बरंमुळे ती रडायला लागली, आणि मी शेंगा सोलत बसले.

मग मामा पुन्हा आला. या वेळी तो चहाही न घेता बाकाच्या टोकावर बसला आणि मायला म्हणाला, “परळीवाल्यांचा निरोप हाय. ते धाकटी मागायलेत.” माय उभीच होती, ती खाली बसली. मामा भराभर बोलत सुटला. मुलगा चांगला आहे, पाणी आहे, निर्व्यसनी आहे, झालं गेलं ते विसरायला तयार आहेत, देणं-घेणं काही नाही. “थोरली बसवून धाकटीचं कसं करावं रं?” माय म्हणाली. “थोरलीचं बी व्हईल की. पर तेच्यापायी धाकटीचं घालवता का?” हे सगळं माझ्या समोर चाललं होतं. मी पुढ्यातल्या पत्रिकेतली नावं तपासत होते. आबांना फोन लागला. मामाने सगळं ओरडून सांगितलं. पलीकडे वारा वाजत होता. मग आबा म्हणाले, “सवीला इचारा. अन् शोभीला बी इचारा.”

मला विचारलं तेव्हा मी “मला काय?” असं म्हणाले. सवीला विचारलं तेव्हा ती मायला म्हणाली, आक्काशी बोलते. आम्ही दोघी मागच्या अंगणात गेलो. तिथे आबांच्या घोंगड्या उन्हात टाकलेल्या होत्या, त्यांना मेंढराचा वास येत होता. सवी त्यातल्या एका घोंगडीच्या कडेचा धागा ओढत राहिली. मला वाटलं, ती आता नको म्हणेल, माझ्यासाठी म्हणून नको म्हणेल, आणि मला तिला समजवावं लागेल. त्याचाच मला कंटाळा आला होता. पण ती म्हणाली, “मला तो पसंत हाय, आक्का. खोटं कावून बोलू? बशा देताना त्यानं तुज्या हातातल्या दोन घेतल्या, जड व्हतील म्हनून. आई तमाशा करू लागली तवा खाली बघत व्हता. मला तवाच बरा वाटला. मला लाज वाटायली तुला सांगायची, पर हाय ते हाय.” त्याने बशा घेतल्या होत्या हे मला आठवतही नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं. माझी बहीण, नाकात चमकी, डोळे सुजलेले, आणि खोटं न बोलणारी. तिने खोटं बोलावं असं मला मनापासून वाटायला हवं होतं, पण तेवढंही वाटलं नाही. “मंग कर,” मी म्हणाले. “राग आलाय का?” “न्हाई.” “येऊ दे की गं जरासा,” ती म्हणाली. मी घोंगड्या उलट्या केल्या आणि आत आले.

सुपारी फुटली. आबा मेंढरं चुलतभावावर सोपवून लवकर परतले. आले ते दुकानाच्या पायरीवर बसले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “वाळलीस.” घरात पापड, शेवया, पाहुण्यांची वर्दळ. बायका मला बघून बोलणं थांबवायच्या आणि मी पुढे गेले की पुन्हा सुरू करायच्या. एका मावशीने तर तोंडावर सांगितलं, हळदीला जरा मागं मागं राहा बाई. मी बरं म्हणाले. मी त्या दिवसांत सगळ्यालाच बरं म्हणत होते. दुकानाचं काय होणार हे कुणी विचारलं नाही. परळी काही लांब नाही, सवी येत जाईल, असं माय म्हणायची. पण सासरची माणसं सुनेला तोंडं साफ करायला पाठवणार नाहीत हे तिलाही कळत होतं.

आमच्या बाजूची पत्रिका अर्थातच मी करायची होती. मामा मजकूर सांगायला शेजारी बसला. कुलदैवत, मुहूर्त, स्थळ, निमंत्रक, सगळं झालं. आमच्याकडे पत्रिकेत मुलीच्या नावाआधी ज्येष्ठ कन्या, द्वितीय कन्या, कनिष्ठ कन्या असं लिहायची रीत आहे. पत्रिका हातात पडली की बायका मुहूर्ताच्या आधी ते बघतात, कारण त्या घरात आणखी कोण राहिलंय ते त्यावरून कळतं. धाकटीचं लग्न असेल तर थोरली आणि तिचा नवरा यांची नावं जोडीने पत्रिकेत कुठेतरी असायला लागतात, सौभाग्यवती अमुक आणि श्रीयुत तमुक. ती नसली की लोक विचारतात. मामा घसा खाकरून म्हणाला, “नुसतं कन्या टाक. थोरली-धाकटी लिहीत बसू नको. कशाला लोकाला सांगायचं?” त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्याला वाईट वाटत होतं. असल्या पत्रिका मी इतरांच्या केल्या होत्या, नुसतं कन्या लिहून, आणि त्या घरातली थोरली कोण असेल असा विचार मी कधी केला नव्हता. मी ‘यांची कन्या’ असं लावलं. ते ओळीत नीट बसलं. मामाने मान डोलावली आणि तो मंडपवाल्याकडे गेला. मी आत जेवायला गेले.

मायने ताट वाढलं. काय जेवले ते आठवत नाही. हात धुऊन बाहेर आले तर सवी माझ्या खुर्चीत बसलेली. इतक्या वर्षांत ती माझ्या संगणकाला कधी बसली नव्हती. मराठी टाईप करायचं तिला येत नव्हतं, कधी शिकलीच नव्हती. लग्न ठरलेली नवरी, आणि एका बोटाने अक्षरं शोधत बसली होती. पडद्यावर पत्रिका होती. ‘यांची’ आणि ‘कन्या’ या दोन शब्दांच्या मध्ये तिने जागा केली होती आणि तिथे ‘कनि’ एवढंच उमटलं होतं. माझी चाहूल लागली तरी तिने मागे बघितलं नाही.

“आक्का, ह्याच्या फुडचं जोडाक्षर कुठं हाय गं? मघाधरनं हुडकायले.”

“मामानं नको म्हनलंय,” मी म्हणाले.

“मामाचं लगीन हाय का?” ती म्हणाली. तिचं बोट तसंच हवेत होतं. “मपली पत्रिका हाय. मला थोरली बहीन हाय. येकदा पुसली तेवढं बास झालं.”

मी तिच्या मागे उभी राहिले. खुर्चीची पाठ माझ्या पोटाला टेकली. तिच्या केसांना माझ्याच तेलाचा वास येत होता. मी तिच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि राहिलेलं अक्षर लावलं. शब्द पुरा झाला आणि ओळ लांबली, बाकीचा सगळा मजकूर एकेक ओळ खाली सरकला. मला रडू आलं. मोठ्याने, तोंड उघडून आलं, रस्त्यावर उभी असलेली माणसं आत डोकावली इतकं. सवी खुर्ची मागे सारून उठायला गेली, धक्का बसला, आणि सवी आता जाणार, हे मला तेव्हा कळलं.